पाहुणीला पान द्यायचं राहिलं

सातपुडा डोंगर जिथे पाय पसरून निवांत बसला आहे, तिथे त्याच्या तळव्यांना गुदगुल्या करत एक ओढा वाहतो. त्या ओढ्याकाठी एक पानमळा होता. विड्याच्या पानांचा मळा! उंच उंच शेवगे, उंच उंच पांगारे आणि त्यांच्या अंगाखांद्यांवर चढलेल्या नागवेली. आत पाऊल टाकलं की ऊनसुद्धा हिरवं होऊन अंगावर पडायचं. पायाखाली ओली, गार, मऊ मऊ माती. पानमळा म्हणजे देवाचं घर, असं तिकडची माणसं मानतात, म्हणून कुणीही चपला घालून आत जात नाही. हा नियम कौशीला फार सोपा होता. तिला चपलाच नव्हत्या.

कौशी आठ वर्षांची. मळ्याच्या कुंपणाला टेकून एक झोपडी होती, तिथे ती आणि तिची माय अशा दोघीच राहायच्या. माय मळ्यात वेली बांधायची. कोवळी वेल झाडाला धरून लव्हाळ्याच्या पातीने अशी हळूच बांधायची, की वेलीला वाटावं, कुणी आपला हात धरलाय. त्या मजुरीत भाकरी मिळायची, भाकरीबरोबर ठेचा मिळायचा, आणि त्यापुढे काही मिळायचं नाही. थंडीत पांघरायला दोघींमध्ये एकच गोधडी होती, तीही मधोमध विरलेली. कौशी ती मायकडे सरकवायची, माय कौशीकडे सरकवायची, आणि त्या ओढाओढीत बिचारी गोधडी आणखी विरायची.

पण कौशी गोधडीसाठी रडायची नाही. तिचं दुःख वेगळंच होतं. त्यांच्याकडे कधी कुणी पाहुणे येत नसत.

मळ्याचे मालक होते अवधूतकाका. त्यांच्या घरी पाहुण्यांची नुसती रीघ! कौशी खिडकीखाली उभी राहून सगळं ऐकायची. "बसा नं बाप्पा, एवढी काय घाई?" "घ्या नं, अजून एक पोळी!" "आजचा दिवस राहा, उद्या सकाळी जाजा!" पाहुणे नको नको म्हणत, आणि काकू वाढत जात. सगळ्यात शेवटी काकू पितळेच्या तबकात पान घेऊन येत. पान हातात पडलं, की पाहुणे उठत. त्याआधी कुणी उठत नसे, कारण ते बरं दिसत नाही. तिकडची रीतच तशी.

"माय, आपल्याकडे पाहुणे काऊन नाही येत?" कौशी विचारायची.

"अवं, आले त बसवू कुठे त्यायले? माह्या डोक्यावर?" असं म्हणून माय हसायची, आणि मग पेटलेल्या चुलीतच पुन्हा फुंकर घालून धुराच्या नावाने डोळे पुसायची.

दसरा झाला. पाऊस आपलं गाठोडं बांधून डोंगरापलीकडे निघून गेला. पावसाबरोबर आलेली पाखरंही परत जायच्या तयारीला लागली. एके सकाळी कौशी अंगण झाडत होती, तर कुंपणाखालून टुण्ण टुण्ण उड्या मारत एक इवलंसं पाखरू आत आलं.

अहाहा, काय ते पाखरू! पाठ हिरवीगार. खांद्यावर निळा निळा झगमगता ठिपका, त्याच्या कडेला आकाशी झाक. छाती बदामी, गळा दुधासारखा पांढरा, डोळ्यांवरून काळी रेघ, डोक्यावर तपकिरी टोपी. इवलीशी शेपटी वर उचलली की खाली लालचुटुक रंग दिसायचा. आणि पाय? पाय गुलाबी!

"नवरंग हाय तो," माय दारातून म्हणाली. "नऊ रंग असतात त्याच्या अंगावर. पावसात येते अन् थंडीआधी लांब दक्षिणेकडे निघून जाते."

कौशीने बोटांवर रंग मोजले. हिरवा, निळा, आकाशी, बदामी, पांढरा, काळा, तपकिरी, लाल... "अन् गुलाबी!" पण आकाशी हा निळ्याचाच भाऊ, असं मायचं म्हणणं पडलं. म्हणजे उरले आठ.

"माय, आठच हायेत!"

"नववा उडताना दिसते म्हणतात. आता हे पाखरू सारखं उड्याच मारते, त कोण पाहिन?"

कौशी मात्र कधीच उठून धावली होती. तिच्या दारात पाहुणी आली होती! तिची स्वतःची पाहुणी! तिने एक करवंटी उपडी घालून ठेवली आणि म्हणाली, "या, बसा नं." पाहुणी टुणकन करवंटीवर बसली. कौशीने माठाखालची ओली माती उकरून तीन गांडुळं वाढली. पाहुणीने ती चट्टामट्टा केली. "घ्या नं, अजून एक!" कौशी म्हणाली, आणि चौथं वाढलं. मग पाचवं. तिने पाहुणीचं नावही ठेवलं, नवरंगी.

संध्याकाळी डोंगरातून हाका येऊ लागल्या. "टुई-टिऊ! टुई-टिऊ!" नवरंगीचा थवा जमत होता. नवरंगी करवंटीवर ताठ उभी राहिली, तिने दक्षिणेकडे तोंड केलं आणि मग वळून कौशीकडे पाहिलं. ती कसली तरी वाट पाहत होती.

"आजचा दिवस राह्य नं!" कौशी म्हणाली. "उद्या जाजो."

नवरंगी मुकाट्याने खाली बसली. दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशीही तेच. कौशीने काकूंकडून ऐकलेलं एकूण एक वाक्य वापरलं, आणि पाहुणी रोज राहिली. सहाव्या दिवशी संध्याकाळी डोंगरातून एकही हाक आली नाही.

मग थंडी उतरली. अंगणातली माती टणक झाली आणि गांडुळं खोल खोल निघून गेली. कौशीने नवरंगीला ओंजळीत घेतलं आणि पानमळ्यात नेलं, कारण तिथे पाटाचं पाणी रोज खेळायचं आणि माती ओली असायची. पण तिथे अवधूतकाका उभे होते. त्यांच्या मिशा रागावल्या की आधी डावी हलायची, मग उजवी.

"हे काय वं पोरी? पाखरू? माह्या मळ्यात? मुळं उकरीन नं ते!"

"काका, तिनं चपला नाही घातल्या," कौशी म्हणाली.

काकांनी वाकून त्या गुलाबी पायांकडे पाहिलं. खरंच नव्हत्या घातल्या. "नियम म्हणजे नियम," असं पुटपुटत ते निघून गेले.

खायला मिळालं, पण थंडीचं काय? वारा कुंपणातून शीळ घालत मळ्यात शिरू लागला. नवरंगी पिसं फुलवून नुसता गोळा होऊन बसायची. तिच्या अंगावरचे रंग धूळ बसल्यासारखे मंदावले. एके सकाळी तिने खाणंच सोडलं. कौशी तिला उराशी धरून पांगाऱ्याखाली बसली आणि हुंदके देऊ लागली. ही पाखरं थंडीत जगत नाहीत, असं माय म्हणाली होती.

"रडणं नंतर. आधी सांग, पान दिलंस का?"

कौशी दचकली. कोण बोललं? समोरच्या वेलीवरचं एक पान गरकन वळलं. ते पान नव्हतंच. ती एक परी होती! एवढीशी, कोवळ्या पानाएवढी. तिचं लुगडं पोपटी, काठ काताच्या रंगाचे, पंख नागवेलीच्या पानांचे आणि त्यांवर चांदीचा वर्ख चमचमत होता. कमरेला पानसुपारीची इवलीशी चंची लटकत होती, आणि विडा खाऊन ओठ लालबुंद झाले होते.

"मी पानपरी," ती म्हणाली. "पाहुण्यांचं येणं-जाणं मी पाहते. पावसाळी पाखरं परत निघाली, की मी त्यांच्या वाटेवर उभी असते. यंदा एक कमी भरलं. शोधून शोधून माझे पंख दुखले, आणि बाईसाहेब इथे पाहुणचार घेतायत!"

नवरंगीने एक डोळा उघडला आणि ओशाळून मिटला.

"पण म्या तिले धरलं नाही!" कौशी म्हणाली. "पिंजरा नाही, दोरी नाही."

"अगं, आग्रह दोरीपेक्षा घट्ट असतो. तू रोज राहा राहा म्हणालीस, आणि पान काही दिलं नाहीस. पान घेतल्याशिवाय ती उठणार कशी? चांगल्या घरातली आहे ती."

कौशीने नवरंगीकडे पाहिलं. म्हणजे रोज संध्याकाळी नवरंगी वळून पाहायची, ती पानासाठी! सगळं काकूंसारखं केलं, आणि शेवटचं तेवढं राहून गेलं. तेही पानांच्या मळ्यात! तिने घाईघाईने वेलीकडे हात नेला, पण तो मध्येच थांबला.

"हे पान काकांचं हाय," ती हळूच म्हणाली. "माह्यं एकबी नाही."

परीच्या लाल ओठांवर हसू आलं. "शहाणी आहेस. दुसऱ्याचं पान देऊन आपल्या पाहुण्याला निरोप देता येत नाही. आणि आता देऊन उपयोगही नाही. थवा गेला, वारा फिरला, एकटीला वाट सापडायची नाही. पुढच्या पावसात तिचा थवा इथे येईल, तोवर हिला इथेच जगवायचं आहे. जगवशील?"

"जगवीन," कौशी म्हणाली, आणि नाक पुसलं.

परीने चंची उघडली आणि तीन पानं काढली. बाहेर येताच ती मोठी झाली, हिरवी, तुकतुकीत. "ही तुझी. अगदी तुझ्या मालकीची. एका पानाला एक मागणं. पण अटी आहेत बरं का! जे मागशील, ते एका पानात गुंडाळता आलं पाहिजे. हत्ती मागू नकोस, महाल मागू नकोस. गोधडीही मावत नाही. एका मुलीने करून पाहिलंय. आणि एकदा मागितलेलं परत करता येत नाही. मागेपर्यंत पान सुकणार नाही."

कौशीला खरोखर गोधडीच आठवली होती. मग चपला आठवल्या, पण पानात मावेल एवढी चपल उंदरालाच झाली असती. तिने हातातल्या थंडगार नवरंगीकडे पाहिलं. मग पायाशी पाहिलं. तिथे पानांच्या फटीतून पडलेला उन्हाचा एक गोल कवडसा डुलत होता.

"मले एक कवडसा दे," ती म्हणाली. "गरम गरम."

परीने टाळी वाजवली, कवडसा टुणकन उडून पानात शिरला, आणि परी दिसेनाशी झाली.

झोपडीत आल्यावर कौशीने पान उघडलं. पान भुरभुर झालं, आणि कवडसा भिंतीवर, मडक्यांवर, मायच्या नाकावर नाचून शेवटी करवंटीपाशी येऊन बसला. नवरंगीला त्याच्या मधोमध ठेवलं. थोड्या वेळाने तिची शेपटी हलली. लाल रंग लाल झाला. मग पाठ हिरवी झाली. मग निळा ठिपका झगमगला. एकेक रंग परत येत होता, आणि कौशी एकेकाला टाळी देत होती.

झोपडीत ऊन राहायला आलंय, ही बातमी गावात काही लपून राहिली नाही. एका सकाळी दारात अवधूतकाका उभे. चपला बाहेर काढलेल्या.

"गुडघे धरले थंडीनं माह्ये," काका इकडे तिकडे बघत म्हणाले. "ते तुमचं ऊन हाय नं... जरा बसू काय?"

पाहुणे! खरे मिशीवाले पाहुणे! "बसा नं बाप्पा, एवढी काय घाई?" कौशी ओरडलीच. काकांनी घाईचं नावही काढलं नव्हतं. ते बसले. मागोमाग काकू आल्या, शेजारच्या म्हाताऱ्या आल्या, शेंबडी पोरं आली. सगळे कवडशाभोवती हात शेकत बसले. नवरंगी मधोमध, एखाद्या नवरीसारखी.

"आता पान द्या, म्हणजे आमी उठतो," काकू म्हणाल्या.

"पान नाही आमच्याकडे," कौशी लाजून म्हणाली.

"मग उठायचं कसं?" म्हणत सगळे खदाखदा हसले, आणि दुपारपर्यंत बसले. माय चुलीपाशी पाठ करून उभी होती. ती डोळे पुसत होती, आणि या वेळी चुलीत धूर अजिबात नव्हता.

पौष महिन्यात मात्र नवरंगी गप्प झाली. अंगात ऊब होती, पोट भरलेलं होतं, तरी ती संध्याकाळी दाराशी बसून दक्षिणेकडे बघत राहायची. तोंडून आवाज नाही. कौशीने तिला गाणी म्हणून दाखवली, गोष्टी सांगितल्या, कोंबड्यासारखं आरवूनही दाखवलं. काही उपयोग झाला नाही. मग कौशीने दुसरं पान काढलं. मागण्यासारखी एकच गोष्ट तिला सुचत होती.

"तिच्या थव्याची हाक दे," ती म्हणाली.

हाक कितीशी असते? पानात छान मावली. कौशीने ते पान एका रिकाम्या माठात उघडलं आणि वर झाकण ठेवलं. झाकण उचललं की आतून लांबच्या ओल्या मातीचा वास यायचा, आणि हाक यायची, "टुई-टिऊ!" पहिल्या हाकेला नवरंगी ताडकन उभी राहिली. तिने मान वर करून उत्तर दिलं, "टुई-टिऊ!" मग पुन्हा. मग पुन्हा. त्या दिवशी दोघींनी माठाचं झाकण इतक्या वेळा उचललं, की मायला स्वयंपाक सुचेना. एकदा अवधूतकाका पाणी प्यायला गेले आणि चुकून तेच झाकण उचललं. हाक थेट त्यांच्या मिशांत घुसली. तेव्हापासून ते पाणी विचारून पिऊ लागले.

थंडी सरली. होळीला पांगारा लालेलाल फुलला. नवरंगी मळ्यात उड्या मारत हिंडायची आणि वेलींच्या मुळांतल्या अळ्या वेचून खायची. त्या वर्षी वेली अशा फोफावल्या, की काका भेटेल त्याला सांगू लागले, "म्या पहिल्या दिवसापासून म्हणत होतो, मळ्यात पाखरू पायजे!"

आणि ज्येष्ठ संपता संपता एका पहाटे कौशीला जाग आली ती हाकांनी. माठाचं झाकण बंद होतं! ती धावत बाहेर आली. अंगणात, कुंपणावर, पांगाऱ्याखाली, जिकडे तिकडे नवरंगच नवरंग. हिरवे, निळे, लाल, बदामी! थवा परत आला होता. नवरंगी त्यांच्यामध्ये अशी काही उड्या मारत होती, की तिचे गुलाबी पाय जमिनीला लागत नव्हते. कौशीने जगवीन म्हटलं होतं, आणि जगवलं होतं!

पावसाळाभर मळ्यात पाखरांची गजबज होती. काटक्यापानांची गोल गोल घरटी झाली, पिल्लं झाली, पिल्लांच्या उड्याही झाल्या. दिवस कसे गेले, कळलंच नाही.

आणि पुन्हा दसरा आला.

संध्याकाळी डोंगरातून हाका सुरू झाल्या. नवरंगी करवंटीवर येऊन ताठ उभी राहिली. तिने दक्षिणेकडे तोंड केलं आणि वळून कौशीकडे पाहिलं.

कौशी पानाची डबी घेऊन तिच्यापाशी बसली. तिने डबीतून तिसरं पान काढलं. अजून तसंच हिरवं, तुकतुकीत. वर्षभर तिने ते जपलं होतं. आणि आता तिला ठाऊक होतं, की काय मागायचं. नवरंगीची जायची ओढ! एवढ्याशा पाखराची ओढ ती केवढी असणार? पानात सहज मावेल. ती काढून घेतली, की नवरंगी कायमची इथेच राहील. मग रोज सकाळी उठल्यावर ती असेल, थंडीत असेल, होळीला असेल.

पानाच्या देठावर पानपरी येऊन बसली होती. आज ती हसत नव्हती.

"मागू काय मी?" कौशीने विचारलं. "मावन काय ते?"

"मावेल. पान तुझं, मागणं तुझं."

"मग ती दुःखी होईन काय?"

"नाही. तिला काही कळणारच नाही. खाईल, पिईल, उड्या मारेल. फक्त संध्याकाळी तोंड कुठे करून बसायचं, ते विसरेल."

कौशीने नवरंगीकडे पाहिलं. नवरंगी तिच्याकडे बघत होती, पण तिची छाती, तिची चोच, तिचे पाय, सगळं दक्षिणेकडे होतं. डोंगरातून पुन्हा हाक आली. नवरंगी थरथरली, तरी उठली नाही. चांगल्या घरातली होती ना ती!

कौशी उठली. तिने पान माठाच्या पाण्याने धुतलं. तबक कुठलं आणायचं? तिने मायची जर्मनची चेपलेली थाळी पदराने, म्हणजे परकराच्या टोकाने, लख्ख पुसली आणि पान तिच्यात ठेवलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने वाहू दिलं. थाळी नवरंगीपुढे धरून ती म्हणाली, "आमच्या घरी आले, लय बरं वाटलं. पुन्हा येजा."

नवरंगीने मान झुकवली, पान चोचीत धरलं, आणि भुर्रकन उडाली! पंख उघडले, आणि त्या काळ्या पंखांत दोन शुभ्र चांदण्या लखलखल्या. गळ्याचा पांढरा याच्यापुढे काहीच नव्हता. हा रंग वर्षभर मिटून ठेवलेला होता.

"माय! नववा! नववा दिसला वं!" कौशी रडत रडत नाचू लागली. मायही हातातली भाकरी टाकून धावली आणि तोंड वर करून बघत राहिली.

थवा झोपडीवरून निघाला. पाहुणे घरून निघताना पोरांच्या हातावर काहीतरी ठेवतात, ही रीत पाखरांनाही ठाऊक होती. प्रत्येकाने एकेक पीस सोडलं. हिरवी, निळी, बदामी पिसं तरंगत तरंगत कौशीच्या ओंजळीत आली, ओंजळ भरली, परकराचा ओचा भरला. गोधडीच्या विरलेल्या मधोमध भरायला ती पुरून उरली.

"पण तुझं मागणं राहिलं की गं," परी म्हणाली.

"राह्यलं नाही," कौशी म्हणाली. "देऊन टाकलं."

तेवढ्यात वरून काहीतरी टपकन पडलं. पानाचा देठ! पान खाताना देठ खुडून टाकायचा असतो, आणि नवरंगीने तो बरोबर कौशीच्या अंगणात टाकला होता. परी खळखळून हसली. तिने देठाला पायाच्या अंगठ्याने हळूच शिवलं. देठ मातीत गेला, त्याला अंकुर फुटला, अंकुराची वेल झाली. वेल कुंपणाच्या पांगाऱ्यावर सरसर चढली आणि बघता बघता हृदयाच्या आकाराच्या कोवळ्या, चमकत्या पानांनी भरून गेली.

"ही तुझी," परी म्हणाली. "ही कुठल्या पानात मावली नसती, म्हणून मागता आली नसती. ही फक्त देणाऱ्याला मिळते. चला, निघते मी."

पण ती निघाली नाही. पंख सावरले, लुगड्याचा काठ सारखा केला, चंची बांधली, सोडली, पुन्हा बांधली. आणि तिथेच करवंटीवर उभी राहिली, छपराकडे बघत.

कौशीला आधी कळेना. मग कळलं, आणि तिला हसू फुटलं. तिने स्वतःच्या वेलीचं पहिलं पान खुडलं, थाळीत ठेवलं आणि दोन्ही हातांनी परीपुढे धरलं. "घ्या नं. अन् पुन्हा येजा."

परीने पान घेतलं, देठ खुडला, पान गालात ठेवलं. तिचे ओठ लाल झाले, पंखांचा वर्ख झळाळला, झोपडीतला कवडसा धावत येऊन तिच्या भोवती फिरला, आणि सगळं अंगण आधी हिरव्या आणि मग त्या नवव्या शुभ्र रंगाच्या उजेडाने भरून गेलं. उजेड ओसरला, तेव्हा करवंटीवर कुणी नव्हतं.

कौशीच्या घरी आता पाहुण्यांना तोटा नाही. ती अजूनही भरपूर आग्रह करते, पण पान आधीच धुऊन ठेवते. दर पावसात नवरंगी येते, दर दसऱ्याला पान घेऊन जाते, आणि आपल्या या गोष्टीलाही आता पान दिलं आहे, तेव्हा तिलाही उठू द्या.